घोटा बदलायचा की जखडायचा? सही करण्याआधी दहा वर्षांपुढचे बघा



मागच्या उन्हाळ्यात सातपूरच्या बाजूला एका वस्तीत आरोग्याची बैठक आटोपून आम्ही निघत होतो. चपला घालतो न घालतो तोच एक ताई फाइल घेऊन धावत आल्या. "सिस्टर, यांचा घोटा बदलायचा म्हणतात. उद्या पैसे भरायचेत. भरू का?"

त्यांचे पती सेंट्रिंगच्या कामावर जातात. वय ४४. अकरा वर्षांपूर्वी स्लॅबच्या फळ्यांवरून पाय सटकला आणि उजवा घोटा दोन्ही बाजूंनी मोडला. प्लास्टर सहा आठवडे ठेवायला सांगितले होते. चौथ्या आठवड्यात दादांनी ते घरीच बादलीत भिजवले आणि कापून काढले. ठेकेदार दुसरा माणूस घेईन म्हणत होता आणि घरात दोन लेकरे होती. हाड जुळले, पण तिरके जुळले. पुढे थंडीत ठणका, संध्याकाळी सूज, मग पाच पावले चाललो तरी कळ. रोज दुखण्याच्या दोन गोळ्या. आता खाजगी डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितले की सांधा संपला, नवा बसवू. खर्चाचा आकडा लाखांत. ताईंनी डोरले गहाण ठेवायचे ठरवले होते आणि उरलेली रक्कम फायनान्सवाल्याकडून आणायची होती.

आम्ही त्यांना भरा म्हणालो नाही आणि भरू नका असेही म्हणालो नाही. एवढेच म्हणालो, "उद्या आम्हीही सोबत येतो. डॉक्टरांना दोन गोष्टी विचारू. हा नवा सांधा किती वर्षे चालेल? आणि नाही चालला तर पुढे काय?" या दोन प्रश्नांची उत्तरे शोधता शोधता आम्हाला जे कळले, तेच या महिन्याच्या पानावर मांडतो आहोत.

गुडघ्याचा हिशेब घोट्याला लागत नाही

गुडघा बदललेली एखादी मावशी आता प्रत्येक वस्तीत असते. तिला चालताना बघून आपल्या मनात पक्के बसते की सांधा बदलला म्हणजे जन्माची कटकट गेली. गुडघ्याच्या बाबतीत हे बरेचसे खरेही आहे. २०१९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अनेक देशांच्या नोंदी एकत्र करून काढलेला हिशेब आला. त्यात बदललेल्या १०० गुडघ्यांपैकी सुमारे ८२ गुडघे २५ वर्षे टिकतात असे दिसले.

घोटा तसा नाही. स्वीडन देशात बसवलेल्या प्रत्येक कृत्रिम घोट्याची सरकारी नोंद ठेवतात. १९९३ ते २००५ या काळात तिथे बसवलेल्या ५३१ घोट्यांचा हिशेब २००७ साली प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनी १०० मागे ७८ टिकले होते, दहा वर्षांनी ६२. म्हणजे दहा वर्षांत १०० मागे ३८ जणांना पुन्हा टेबलावर जावे लागले. शेजारच्या नॉर्वेत दहा वर्षांनी १०० मागे ७६ टिकले. नंतरच्या काळात सांध्याची बनावट सुधारली, डॉक्टरांचा हात बसला आणि चांगल्या केंद्रांमधून १०० मागे ८५-९० टिकल्याच्याही बातम्या आल्या. म्हणून साधारण अंदाज धरायचा तर दहा वर्षांनी १०० मागे ७० ते ९०. केंद्र कोणते, डॉक्टर कोण आणि रुग्ण कसा, यावर आकडा इकडचा तिकडे होतो.

यात एक मेख आहे, ती नीट समजून घ्या. "टिकला" याचा अर्थ हिशेबात एवढाच असतो की सांधा काढावा लागला नाही. तो दुखत नाही असा त्याचा अर्थ नाही. एखाद्या बाईचा कृत्रिम घोटा ठणकतो आहे, पण दुसऱ्या शस्त्रक्रियेला ती घाबरते किंवा तिच्याकडे पैसे नाहीत, तर तीही टिकलेल्यांच्याच रांगेत मोजली जाते. आपल्यासारख्या घरांमध्ये असे किती असतील, तुम्हीच विचार करा.

घोटा एवढा नाजूक का? नडगीचे हाड, त्याच्या बाहेरचे बारीक हाड आणि खाली टाचेच्या वर बसलेले एक छोटे हाड अशा तिघांचा मिळून हा सांधा होतो. त्या छोट्या हाडाला डॉक्टर टेलस म्हणतात. टेलसवर चहूबाजूंनी कूर्चा असते, स्नायू एकही चिकटलेला नसतो आणि त्याला रक्तपुरवठाही बेताचाच. गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या मानाने घोट्यात हाडावर हाड टेकण्याची जागा तिसऱ्या हिश्शाएवढीच असते, आणि चालताना अंगाच्या वजनाच्या चार-पाच पट भार त्या जागेवरून जातो. कृत्रिम सांधा बसवताना नडगीच्या खालच्या टोकाला धातूची चकती आणि टेलसवर धातूची टोपी बसवतात, मधे टणक प्लास्टिकचा तुकडा ठेवतात. एवढा सगळा भार त्या इवल्याशा टेलसवर पडतो. म्हणून टोपी हळूहळू हाडात रुतते किंवा ढिली होते. प्लास्टिक झिजून त्याचा भुगा होतो आणि त्या भुग्यामुळे आजूबाजूचे हाड पोखरले जाते. क्वचित जंतुसंसर्ग होतो.

१९७०च्या दशकात पहिले कृत्रिम घोटे आले तेव्हा ते इतके फसले की बऱ्याच डॉक्टरांनी ही शस्त्रक्रियाच सोडून दिली होती. १९८०नंतर डेन्मार्कच्या हाकोन कोफोड यांच्यासारख्यांनी बनावट बदलली, सिमेंटशिवाय हाडात रुजणारे सांधे आले आणि पुन्हा सुरुवात झाली. दर काही वर्षांनी नवा नमुना बाजारात येतो. तो नवा असल्यामुळे त्याचा वीस वर्षांचा अनुभव जगात कोणाकडेच नसतो. "हा अगदी लेटेस्ट आहे" असे कोणी सांगितले तर लगेच खूश होऊ नका. लेटेस्ट म्हणजे सर्वांत कमी वर्षे वापरलेला.

दुसरा रस्ता: सांधा जखडणे

दादांच्या डॉक्टरांनी ज्याचे नावच काढले नव्हते, तो उपाय म्हणजे सांधा जखडणे. डॉक्टर त्याला फ्युजन म्हणतात. यात झिजलेली कूर्चा खरवडून काढतात, दोन्ही हाडे एकमेकांना भिडवून स्क्रूने आवळतात आणि अडीच-तीन महिने प्लास्टरमध्ये ठेवतात. मग ती हाडे एकजीव होतात. सांधा हलत नाही, म्हणून दुखतही नाही.

हे ऐकल्यावर घरातल्यांचा पहिला उद्गार असतो, "म्हणजे पाय लाकडाचा होणार?" तसे होत नाही. घोट्याच्या खाली आणि पुढे पावलात बरेच छोटे सांधे असतात. ते थोडी हालचाल भरून काढतात. जखडलेला माणूस सपाट रस्त्यावर चपला-बूट घालून चालताना अनोळखी माणसाच्या लक्षातही येत नाही. चढ-उतारावर, खडबडीत वाटेवर आणि जिन्यावर मात्र जाणवते.

मग दोन्हींत चांगले काय? इंग्लंडमध्ये यावर एक मोठी चाचणी झाली आणि २०२२ साली तिचे निकाल आले. १७ रुग्णालयांमधल्या ५० ते ८५ वयाच्या रुग्णांच्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या वाटण्या केल्या, काहींचा घोटा बदलला, काहींचा जखडला. २८२ जणांची शस्त्रक्रिया झाली. वर्षभराने बघितले तर दोन्ही गटांचे दुखणे आणि चालणे भरपूर सुधारले होते आणि दोन्हींत ठाम म्हणावा असा फरक नव्हता. त्रासाचे प्रकार मात्र वेगवेगळे निघाले. घोटा बदललेल्यांमध्ये १०० मागे सुमारे १३ जणांची जखम नीट भरत नव्हती, जखडलेल्यांमध्ये सुमारे ६ जणांची. घोट्यापुढची कातडी फार पातळ असते, तिथेच चीर द्यावी लागते, म्हणून असे होते. मज्जातंतूला इजाही बदललेल्यांतच जास्त झाली. उलट जखडलेल्यांमध्ये १०० मागे ७ जणांची हाडे जुळलीच नाहीत आणि त्रास राहिला, शिवाय रक्ताच्या गुठळ्या थोड्या जास्त झाल्या.

जखडण्याचे तोटे वीस वर्षांनी दिसतात. घोटा हलत नाही म्हणून त्याचे काम खालच्या आणि पुढच्या सांध्यांवर पडते आणि तेही झिजू लागतात. अमेरिकेतल्या आयोवा इथे घोटा जखडलेल्या २३ जणांना सरासरी २२ वर्षांनी पुन्हा तपासले, तेव्हा बहुतेकांच्या आसपासच्या सांध्यांमध्ये झीज दिसली. सगळ्यांना ती सारखी दुखत होती असे नाही. थोडक्यात, बदललेला घोटा स्वतः झिजतो आणि जखडलेला घोटा शेजाऱ्यांना झिजवतो. बदललेला घोटा बिघडला तर पुढची शस्त्रक्रिया पहिल्यापेक्षा अवघड असते, कारण हाड आधीच कापलेले आणि पोखरलेले असते. तेव्हा नवा सांधा घालतात, नाहीतर दुसरीकडचे हाड भरून शेवटी जखडतातच. जखडलेला घोटा एकदा नीट जुळला की त्यात ढिले होण्यासारखे काही उरत नाही.

संडासाचा प्रश्न कोणी विचारत नाही

डॉक्टरांच्या खोलीत हा विषय निघत नाही. ताईंनीही विचारला नव्हता. आम्ही विचारला तेव्हा दादा खाली बघून हसले. पण वस्तीतल्या माणसासाठी खरा प्रश्न हाच आहे.

आपल्याकडे सार्वजनिक शौचालयात उकिडवे बसावे लागते. उकिडवे बसताना टाच जमिनीवर टेकवून नडगी बरीच पुढे झुकवावी लागते. चालायला घोटा जेवढा वाकतो त्याच्या कितीतरी जास्त. जखडलेला घोटा तसा वाकणार नाही हे उघड आहे. पण बरेच लोक समजतात की बदललेला घोटा वाकेल, आणि खुद्द दादांचाही तोच समज होता. त्याच आशेवर ते लाखो रुपये घालवायला निघाले होते. खरी गोष्ट अशी की शस्त्रक्रियेआधी घोटा जेवढा हलत होता, नंतर साधारण तेवढाच किंवा थोडाच जास्त हलतो. दुखणे जाते, हालचाल काही तरुणपणासारखी परत येत नाही. वर्षानुवर्षे आखडलेला घोटा बदलून उकिडवे बसता येईल, असे कोणी सांगत असेल तर "सर, हे कागदावर लिहून द्याल का?" असे नम्रपणे विचारा.

म्हणजे शस्त्रक्रिया कोणतीही करा, कमोडची सोय आधीच बघावी लागते. मधे भोक असलेली प्लास्टिकची किंवा लोखंडी खुर्ची मिळते, ती भांड्यावर ठेवता येते. घरात संडास नसेल तर शौचालय समितीकडे किंवा नगरसेवकाकडे एक कमोडचे भांडे आणि धरायला दांडा बसवून मागा. एका रुग्णासाठी मागितलेले ते भांडे नंतर वस्तीतली सगळी म्हातारी माणसे आणि गरोदर बायका वापरतात, हे आम्ही दोन ठिकाणी बघितले आहे.

भुईवर बसण्याचे काय? मांडी घालणे हे मुख्यतः खुबा आणि गुडघ्याचे काम आहे. ते बहुतेकांना जमते, मात्र उठताना आधार लागतो. वंदनेला गुडघ्यावर बसून पावले मागे पसरणे जखडलेल्या पायाला अवघड जाते. खुर्चीवर बसून वंदना घ्यावी, त्यात कमीपणा काही नाही. ताईंचा शेवटचा प्रश्न त्रिरश्मी लेण्यांचा होता, कारण बुद्ध पौर्णिमेला दोघे दरवर्षी चढतात. दोन्ही शस्त्रक्रियांनंतर पायऱ्या चढता येतात. सावकाश, मधे बसत, हातात काठी घेऊन. उतरताना जास्त जपावे लागते.

कोणाला काय बरे पडते

नियम म्हणून नव्हे, पण जगभरचे डॉक्टर साधारण असा कल ठेवतात. वय साठीच्या आसपास किंवा पुढे, अंग हलके, काम बसून किंवा घरातले, पाऊल सरळ, हाड दणकट, आणि दोन्ही घोट्यांना किंवा पावलाच्या बाकी सांध्यांनाही संधिवात असेल तर बदलणे चांगले. सगळेच सांधे दुखत असताना एक जखडला तर शेजाऱ्यांवर भार पडतो, म्हणून संधिवाताच्या रुग्णाला हलणारा घोटा उपयोगी पडतो. याउलट वय कमी आणि अंगमेहनतीचे काम असेल तर जखडणे. पंचवटीच्या मार्केट यार्डात पोती उचलणारा, लासलगावला कांद्याच्या गोण्या भरणारा, बांधकामावर शिडी चढणारा, अशांच्या पायात कृत्रिम घोटा फार काळ निभत नाही. धावणे, उड्या मारणे, डोक्यावर ओझे वाहणे बदललेल्या घोट्याला वर्ज्यच असते.

मधुमेहाने पावलाची संवेदना गेली असेल, कुष्ठरोगामुळे पाऊल बधिर असेल, सांध्यात पू किंवा क्षयाचा जंतू असेल, टेलसचे हाड मेलेले असेल, तर घोटा बदलू नये. अशा वेळी कोणी घाई करत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना स्पष्ट सांगतो. धुरामुळे जखडलेली हाडे न जुळण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो आणि बदललेल्या घोट्याची जखम चिघळते. शस्त्रक्रियेच्या निदान दीड-दोन महिने आधी सोडा आणि हाड जुळेपर्यंत हात लावू नका. तंबाखूची पुडी खिशात ठेवून "मी ओढत नाही" म्हणणारेही आम्ही पाहिलेत. निकोटिन त्यातही आहे.

आणखी एक प्रश्न विचारायला लाजू नका: "डॉक्टर, तुम्ही असे किती घोटे बदललेत?" गुडघे नव्हे, घोटे. स्वीडनच्याच नोंदींमध्ये दिसले की एखाद्या डॉक्टरच्या पहिल्या ३० शस्त्रक्रियांपेक्षा नंतरच्या शस्त्रक्रियांचे सांधे बरेच जास्त टिकले. ते शिकणे आपल्या पायावर होऊ नये.

दुखत नाही म्हणून एक्स-रे टाळू नका

नाशिकरोडच्या एका निवृत्त शिक्षिका आम्हाला ठाऊक आहेत. त्यांना तरुणपणापासून संधिवात. नऊ वर्षांपूर्वी मुंबईला डावा घोटा बदलला. फार छान झाले. बाजारहाट, नातवाला शाळेत सोडणे, सगळे करत. पहिली तीन वर्षे तपासणीला गेल्या. मग "दुखत नाही तर कशाला मुंबईचे भाडे?" म्हणून बंद केले. मागच्या वर्षी घोटा जरासा सुजला म्हणून एक्स-रे काढला, तर टेलसमध्ये दोन मोठ्या पोकळ्या. प्लास्टिकच्या भुग्याने हाड आतून पोखरले होते आणि बाईंना पत्ताही नव्हता. वेळेत कळले म्हणून प्लास्टिकचा तुकडा बदलून आणि पोकळ्यांत हाड भरून निभावले. आणखी वर्ष-दोन वर्षे गेली असती तर टोपी खाली बसली असती.

म्हणून बदललेल्या घोट्याचा उभे राहून काढलेला एक्स-रे वर्षा-दोन वर्षांनी काढायचा, दुखो न दुखो, आणि जुने एक्स-रे शेजारी ठेवून बघायचे. एकटा एक्स-रे फार सांगत नाही. काल आणि आजमधला फरक सांगतो. घोटा लाल, गरम झाला, ताप आला किंवा जुन्या चिरेतून पाणी झिरपू लागले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. जवळच्या दवाखान्यातून अँटिबायोटिक घेऊन दाबून टाकू नका.

इथे आमची स्वतःची एक चूक सांगतो. प्रत्येक कृत्रिम सांध्याच्या डब्यात कंपनी, नमुना आणि बॅच नंबर छापलेले स्टिकर असतात. आम्ही शस्त्रक्रियेच्या विभागात होतो तेव्हा ते स्टिकर रुग्णालयाच्या फाइलीत चिकटवत होतो आणि उरलेले कचऱ्यात टाकत होतो. रुग्णाच्या हातात एक द्यावे हे आम्हालाही सुचले नाही, कोणी सांगितलेही नाही. त्याचे महत्त्व नंतर कळले. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू कंपनीचा एएसआर नावाचा खुब्याचा सांधा सदोष निघाला आणि कंपनीने ऑगस्ट २०१० मध्ये तो जगभरातून परत बोलावला. भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांमध्ये तो वापरला होता. केंद्र सरकारच्या समितीने २०१८ साली भरपाई देण्याची शिफारस केली, तोवर साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांचा ठावठिकाणाच लागत नव्हता. आपल्या अंगात कोणता सांधा आहे हे माहीत नसलेल्या माणसाला भरपाई मिळणार कशी? तेव्हा स्टिकर मागून घ्या, डिस्चार्ज कार्डावर चिकटवा आणि मोबाइलमध्ये फोटो काढून मुलीला किंवा मुलाला पाठवून ठेवा. उपचाराच्या कागदांची प्रत मागितल्यावर ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

पैशाचे

स्टेंट आणि गुडघ्याच्या सांध्याच्या किमतीवर २०१७ साली केंद्राने मर्यादा घातली. गुडघ्याचा तो आदेश घोट्याला लागू नाही. म्हणून घोट्याच्या सांध्याची किंमत वेगळी लिहून मागा: सांधा किती, शस्त्रक्रिया किती, खोली किती, फिजिओथेरपी किती. सगळे मिळून एकच आकडा स्वीकारू नका.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. पण प्रत्येक शस्त्रक्रिया प्रत्येक रुग्णालयात मिळेलच असे नाही. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याच्याकडे जा आणि शस्त्रक्रियेचे नेमके नाव सांगून विचारा. सातपूर-अंबडच्या कारखान्यात पगारातून ईएसआय कापली जात असेल तर सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयात पहिली नोंद करा. बांधकामावर वर्षात ९० दिवस काम झाले असेल आणि वय १८ ते ६० असेल तर बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करून ठेवा. पडल्यानंतर धावपळ करून उपयोग होत नाही. कामावर अपघात झाला तर नुकसानभरपाईचा हक्क या देशात १९२३ पासून कायद्यात आहे, पण त्यासाठी "कामावर पडलो" हे केसपेपरवर लिहिलेले असावे लागते. ठेकेदार सोबत असला की "घरी पडलो" असे लिहून घेतले जाते. दादांच्या अकरा वर्षांपूर्वीच्या केसपेपरवर तसेच लिहिले होते.

मुळात घोटा झिजूच नये म्हणून

गुडघा वयाने झिजतो. घोटा बहुधा मोडल्यामुळे झिजतो. घोट्याच्या झिजेचे दहापैकी सात रुग्ण जुन्या फ्रॅक्चरचे किंवा वारंवार मुरगळल्याचे असतात. म्हणजे यातले बरेच टाळता येते.

पाय मुरगळल्यावर चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या आतल्या-बाहेरच्या उंचवट्याच्या मागच्या कडेला हाडावर दाबल्यावर कळ येत असेल, तर एक्स-रे काढाच. हाडे बसवणाऱ्याकडे चोळायला जाऊ नका. घोट्यात हाड दोन मिलिमीटर जरी सरकून जुळले तरी भार एका बाजूला पडतो आणि दहा-पंधरा वर्षांत कूर्चा संपते. प्लास्टर डॉक्टरांनी काढेपर्यंत ठेवा. मधुमेही माणसाचे पाऊल अचानक लाल, गरम, सुजलेले दिसले आणि दुखत मात्र नसेल, तर वजन टाकणे थांबवून लगेच दाखवा. मार न लागता महिनोन्‌महिने घोटा सुजत असेल तर क्षयाची तपासणी करून घ्या.

झीज सुरू झालेली असली तरी लगेच शस्त्रक्रियाच लागते असे नाही. वजन चार-पाच किलो कमी करणे, दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात काठी धरणे, घोट्याला पट्टा किंवा घोट्यावरपर्यंत येणारा बूट, आणि चप्पल शिवणाऱ्या कारागिराकडून टाचेकडून बोटांकडे गोलाकार वळणारा जाड सोल लावून घेणे. या सोलने पाऊल आपोआप पुढे लोळते आणि घोट्याला कमी वाकावे लागते. खर्च काही शे रुपये. अशा उपायांवर काही वर्षे सहज निघून जातात, आणि घोटा बदलायचाच असेल तर जितके वय पुढे ढकलता येईल तितके बरे.

दादांनी शेवटी घोटा जखडून घेतला, सरकारी रुग्णालयात. डोरले घरातच राहिले. तीन महिने प्लास्टर आणि पुढे दीड महिना काठी. त्या काळात ताई दोन घरची जास्तीची धुणी-भांडी करत होत्या आणि बचत गटाने हप्ता थांबवला. दुखण्याच्या गोळ्या बंद झाल्या आहेत. सेंट्रिंगच्या फळीवर मात्र ते पुन्हा चढणार नाहीत. आता खाली उभे राहून सळया कापण्या-वाकवण्याचे काम करतात, मजुरी आधीपेक्षा कमी आहे. उकिडवे बसता येत नाही याची चिडचिड अजून होते. शौचालयातल्या भांड्यासाठी वस्तीने अर्ज दिला आहे, पोचपावती आमच्याकडे आहे.

कोणाच्या घरी घोट्याच्या शस्त्रक्रियेची बोलणी चालू असतील तर पैसे भरण्याआधी पुढच्या बैठकीला फाइल घेऊन या. एक्स-रे पाकिटात सरळ ठेवा, घडी घालू नका, आणि जुने असतील तर तेही आणा.